पाणी कुणाच्या नावावर?

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

सुरुवातीला एक साधा प्रश्न विचारते. तुमच्या घरी गेल्या महिन्यात विजेचं बिल किती आलं, ते तुम्हाला नक्की आठवेल. गॅसचा सिलिंडर किती दिवस पुरला, तेही आठवेल. पण काल दिवसभरात घरात किती लिटर पाणी वापरलं गेलं? बहुतेकांना सांगता येणार नाही. आणि तुम्ही भाड्याच्या घरात राहत असाल, त्यातही चार जणांनी मिळून घेतलेल्या घरात, तर अजिबातच सांगता येणार नाही. कारण पाण्याचा पैसा सोसायटीच्या मेंटेनन्समध्ये दडलेला असतो, मेंटेनन्स भाड्यात दडलेला असतो आणि भाडं चौघांत समान वाटलेलं असतं. कुणी एक बादली वापरली काय आणि पाच वापरल्या काय, महिन्याच्या शेवटी खिशातून जाणारी रक्कम तीच! म्हणजे असं पाणी कुणाच्याच नावावर नसतं. आणि जे कुणाच्याच नावावर नाही, ते जपायचं कुणी?

हा प्रश्न मला पुस्तकातून पडलेला नाही. तो २०१६ च्या उन्हाळ्यात, पुण्याच्या एका उपनगरातल्या दोन खोल्यांच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये पडला.

आम्ही चौघी त्या घरात राहत होतो. चौघी नोकरी करणाऱ्या, चार गावांहून आलेल्या. आदल्या पावसाळ्यात पाऊस कमी झाला होता. पुण्याला पाणी देणाऱ्या खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या धरणांत साठा थोडा होता आणि शहरात दिवसाआड पाणी येत होतं. पाण्याच्या दिवशी सकाळी दोन तासांत बाथरूमच्या माळ्यावरची पाचशे लिटरची काळी टाकी भरायची आणि तीवर दोन दिवस काढायचे. प्यायचं आणि स्वयंपाकाचं पाणी वेगळं भरून ठेवलेलं असायचं. सुरुवातीचे काही आठवडे बरे गेले. मग दुसऱ्या दिवशी संध्याकाळीच टाकी कोरडी पडू लागली.

आमच्यातली एक जण लातूरची होती. त्या वर्षी लातूरचं काय झालं, ते तुम्हाला आठवत असेल. शहराला पाणी पुरवणारं मांजरा धरण कोरडं पडलं आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं. १२ एप्रिल २०१६ रोजी पहिली गाडी सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन तीनशेहून अधिक किलोमीटरचा प्रवास करून लातूरला पोहोचली. आम्ही ती बातमी टीव्हीवर बघत होतो आणि ही मैत्रीण फोनवर आईशी बोलत होती. आई टँकरची वाट बघत दारात पिंप मांडून बसली होती. अशा घरून आलेली मुलगी पाणी कसं वापरेल? ती अर्ध्या बादलीत अंघोळ करायची. तांदूळ धुतलेलं पाणी तुळशीला घालायची. आमच्यापैकी कुणी नळ सैल सोडला, तर न बोलता उठून तो बंद करायची. आम्ही तिला हसायचो. प्रेमानंच, पण हसायचो.

एका सकाळी टाकीत थेंब नव्हता. ती अंघोळीला गेली आणि कोरडी बादली घेऊन बाहेर आली. तेव्हा ती जे म्हणाली, ते मी अजून विसरलेले नाही. ती म्हणाली, “मी वाचवलेलं पाणी जर कुणीतरी सांडूनच टाकणार असेल, तर मी तरी कशाला वाचवू?”

या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हतं. मग आम्ही तेच केलं, जे अशा वेळी सगळे करतात. दोषी शोधायला निघालो. चौथी मैत्रीण रात्रपाळीला जायची आणि पहाटे परत यायची. आम्ही झोपेत असताना घरात जागी असणारी ती एकटीच. तिचे केस लांब होते, शॉवर तिला आवडायचा. झालं! पुरावा नव्हता, पण निकाल लागला. मी बाथरूमच्या दारावर एक चिठ्ठी लावली : “पाणी जपून वापरा. इतरांचा विचार करा.” नाव लिहिलं नव्हतं, पण चिठ्ठी कुणासाठी आहे ते चौघींनाही ठाऊक होतं. त्या दिवसापासून ती आमच्याशी कामापुरतंच बोलू लागली. पाणी मात्र पूर्वीसारखंच संपत राहिलं.

अशा चिठ्ठ्या का चालत नाहीत, याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. एक तर पाणी वापरणं ही अगदी खासगी गोष्ट आहे. अंघोळ किती वेळ करावी, केस कधी धुवावेत, पाळीच्या दिवसांत किती पाणी लागतं, हे दुसऱ्यानं विचारणं म्हणजे आपल्या स्वच्छतेवर बोट ठेवणं वाटतं. माणूस लगेच ढाल पुढे करतो. दुसरं असं, की ‘जपून’ म्हणजे किती, हे चिठ्ठीत नसतं. प्रत्येकाला आपण जपूनच वापरतो असं प्रामाणिकपणे वाटत असतं. आणि तिसरं म्हणजे आमच्या लातूरच्या मैत्रिणीचा प्रश्न. जो वाचवतो, त्याच्या पदरात काही पडत नाही.

हा पेच फक्त चार मुलींच्या घरातला नाही. एका विहिरीवरच्या दहा शेतकऱ्यांपुढे हाच पेच असतो. मला तेव्हा पुरंदर तालुक्यातल्या पाणी पंचायतीची आठवण झाली. १९७२ च्या दुष्काळानंतर अभियंते विलासराव साळुंखे यांनी नायगावात पाणी अडवण्याचं काम सुरू केलं आणि त्यातून पाणी पंचायतीची चळवळ उभी राहिली. तिचे नियम साधे होते. पाण्याचा वाटा जमिनीवर ठरवायचा नाही, घरातल्या माणसांवर ठरवायचा. माणशी अर्धा एकर भिजेल एवढं पाणी आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचं. ज्याच्याकडे जमीन नाही, त्यालाही वाटा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क जमिनीबरोबर विकला जात नाही. आणि पाणी थोडं आहे म्हणून ऊस लावायचा नाही.

यातला भूमिहीनाचा वाटा मला फार महत्त्वाचा वाटतो. भाडेकरू म्हणजे तरी कोण? ज्या घरात राहतो, ते ज्याच्या मालकीचं नाही तो. पण तहान आणि अंघोळ मालकी बघत नाही. तेव्हा पाण्याची गणती डोक्यामागे व्हायला हवी आणि ती सगळ्यांच्या डोळ्यांसमोर व्हायला हवी.

म्हणून एका रविवारी आम्ही चौघी बसलो आणि भांडायच्या ऐवजी मोजायचं ठरवलं. मोजायला काही यंत्र लागत नाही. एक लिटरची बाटली आणि हातातलं घड्याळ पुरतं. बेसिनच्या नळाखाली बाटली धरली. ती बारा सेकंदांत भरली. म्हणजे मिनिटाला पाच लिटर. मग प्रत्येकीनं आपापल्या सवयी सांगायच्या होत्या. दात घासताना नळ चालू ठेवणारी एकच निघाली, आणि ती म्हणजे मी. तीन मिनिटं दात घासायचे म्हटलं, तरी पंधरा लिटर. लातूरची मैत्रीण दोन वेळच्या अंघोळीला जेवढं पाणी घ्यायची, तेवढं मी दात घासताना सोडून देत होते. आणि दारावरची चिठ्ठी माझ्याच हस्ताक्षरातली होती!

पण खरा धक्का पुढे होता. सगळ्यांचा दिवसभराचा हिशेब मांडला, तरी टाकी एवढ्या लवकर रिकामी व्हायला नको होती. तेव्हा लातूरच्या मैत्रिणीनंच युक्ती सांगितली. रात्री सगळे नळ बंद करून टाकीत पाणी कुठवर आहे तिथे खडूनं खूण करायची आणि सकाळी कुणी उठायच्या आत बघायचं. चौथीची त्या रात्री सुटी होती, तीही घरीच झोपली. सकाळी पाहिलं तर पाणी चार बोटं खाली गेलं होतं. त्या टाकीच्या घेराला चार बोटं म्हणजे साधारण चाळीस लिटर. आठ तासांत चाळीस, म्हणजे दिवसरात्र मिळून शंभराच्या वर. दोन दिवसांच्या पाण्यातलं जवळजवळ निम्मं पाणी कुणीही न वापरता जात होतं.

कुठे जात होतं, ते शोधायला दहा मिनिटं लागली. फ्लशच्या टाकीत जिलबीला घालतात तो खाण्याचा रंग चिमूटभर टाकला आणि फ्लश न ओढता थांबलो. थोड्या वेळानं खाली भांड्यात रंग उतरला. टाकीच्या तळाचं रबर झिजलं होतं आणि पाणी आवाज न करता झिरपत होतं. नळ ठिबकला तर कानाला टोचतो, फ्लशची गळती तशी ऐकूही येत नाही.

आम्ही त्या रात्रपाळीच्या मैत्रिणीची माफी मागितली. ती म्हणाली, “माफी राहू द्या. पहाटे मी येते तेव्हा माझ्यासाठी एक बादली भरलेली ठेवा, म्हणजे झालं.” तेव्हा कुठे आम्हाला कळलं, की जिच्यावर पाणी संपवल्याचा आळ घेतला होता, तिलाच कित्येक पहाटे पाणी मिळालं नव्हतं. सगळ्यांत शेवटी नळाशी येणारी तीच होती.

आता पुढचा प्रश्न. रबर बदलायचं कुणी? आमच्यात एकीला वाटलं, घरमालकीण काकूंना सांगावं. दुसरी म्हणाली, नको, डिपॉझिटमधून कापतील. तिसरी म्हणाली, आपण इथे राहणार किती दिवस! आणि खरोखरच, घरमालक तिथे राहत नसतो म्हणून त्याला गळती दिसत नाही. भाडेकरूला दिसते, पण त्याचा करार अकरा महिन्यांचा असतो. त्यामुळे भाडेकरू बदलत राहतात आणि गळती मात्र त्या घरात कायमची राहते.

याबाबत एक माहिती उपयोगाची आहे. २०२१ मध्ये केंद्र सरकारनं राज्यांसाठी भाडेकरू कायद्याचा एक नमुना मंजूर केला. त्याच्या परिशिष्टात दुरुस्तीची वाटणी दिली आहे. करारात वेगळं ठरलेलं नसेल तर नळ आणि नळाचे वायसर बदलणं, संडासाची आणि बेसिनची किरकोळ दुरुस्ती भाडेकरूकडे. पाइप बदलण्यासारखी मोठी कामं मालकाकडे. हा नमुना आहे, तो राज्यानं स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही. पण वाटणी म्हणून ती समजण्यासारखी आहे आणि आपल्या लिव्ह अँड लायसन्सच्या करारात तशी दोन ओळींची नोंद करून घ्यायला कुणाची हरकत नसते. घर ताब्यात घेताना भिंतीवरचे डाग आणि पंखे आपण बघतो. त्याच वेळी प्रत्येक नळ सोडून पाहावा, फ्लशमध्ये रंग टाकून पाहावा आणि गळती असेल तर राहायला येण्याआधीच मालकाला सांगावं. आम्ही काकूंना फोन केला, तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, “अगं, मग आधी का नाही सांगितलंत? प्लंबरची पावती ठेवा, भाड्यातून वळती करा.” कित्येक आठवड्यांची भांडणं एका फोननं आणि रबराच्या एका तुकड्यानं मिटली असती.

गळती थांबल्यावर आम्ही वाटणी केली. पाण्याच्या दोन दिवसांत प्रत्येकीच्या वाट्याला किती बादल्या, ते ठरवून स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहिलं. शॉवर बंद, अंघोळ बादलीनं. बादलीचा मोठा गुण असा, की ती मोजून देते. शॉवरखाली उभं राहिलं की किती पाणी गेलं ते कळतच नाही; बादलीचा तळ मात्र दिसतो. केस धुवायच्या दिवशी जास्तीची एक बादली मिळेल, त्याला कुणी नाक मुरडायचं नाही. कुणी आजारी असेल, कुणाची पाळी असेल, तर तिला मोजमाप नाही. आणि शेवटी येणाऱ्या व्यक्तीची बादली सगळ्यांत आधी भरून झाकून ठेवायची. हा शेवटचा नियम आम्ही सगळ्यांत काटेकोरपणे पाळला.

बाकीच्या गोष्टी बारीकसारीक होत्या, पण भाड्याच्या घरात चालतील अशा. भिंतीला भोक पाडावं लागत नाही की मालकाची परवानगी लागत नाही. नळाच्या तोंडाला लावायची हवेची जाळी, एरेटर म्हणतात ती, हार्डवेअरच्या दुकानात थोडक्या पैशांत मिळते. धार तेवढीच वाटते, पाणी कमी पडतं. घर सोडताना ती काढून सोबत नेता येते. जुन्या फ्लशच्या टाकीत एका वेळी दहा-बारा लिटर पाणी जातं. तिच्यात पाण्यानं भरलेली लिटरभराची बाटली उभी ठेवली, की दर वेळी एक लिटर वाचतं. फक्त ती आतल्या दांड्याला अडकणार नाही, एवढं बघायचं. वीट ठेवू नये, ती विरघळून रबर खराब करते. वॉशिंग मशीन चौघींचे कपडे मिळून भरेल तेव्हाच लावायचं. पाणी शुद्ध करायचं आरओ यंत्र असेल, तर त्याच्या बारीक नळीतून बरंच पाणी बाहेर टाकलं जातं. ती नळी बादलीत सोडली की फरशी पुसायला पाणी होतं.

भांड्यांच्या बाबतीत आमच्या गुरू म्हणजे कामाच्या मावशी. आम्ही त्यांना नळ बारीक ठेवा असं सांगायला गेलो, तर त्या हसल्या. त्यांच्या वस्तीत सार्वजनिक नळ, रांगेत उभं राहून पाणी भरायचं. त्या म्हणाल्या, “ताई, माझ्या घरी मी एका घमेल्यात सगळी भांडी काढते. तुमच्याकडे घमेलं आहे कुठे?” आम्ही प्लॅस्टिकचं एक घमेलं आणि एक टब आणला. आधी सगळी भांडी घासून घ्यायची, मग टबात एकदा विसळायची, आणि शेवटचा हात स्वच्छ पाण्याचा. नळ सोडायचं कारणच उरलं नाही.

आणखी एक सवय आपल्याकडे घरोघरी आहे, तिच्याबद्दल बोललंच पाहिजे. ती म्हणजे ‘शिळं पाणी’. नवं पाणी आलं, की कालचं भरलेलं पिंप मोरीत उपडं करायचं. झाकून ठेवलेलं पाणी एका दिवसात शिळं होत नाही. प्यायला नको वाटत असेल तर ते कपड्यांना, फरशीला, फ्लशला वापरा. मात्र साठवण झाकलेली हवी आणि आठवड्यातून एकदा पिंप रिकामं करून घासून कोरडं करायला हवं. कारण डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून पंख फुटायला आठ-दहा दिवस पुरतात. पाणी वाचवायचं म्हणून डास पाळायचे नाहीत.

या सगळ्यावर कुणी म्हणेल, की तुमच्या चार बादल्यांनी धरण भरणार आहे का? नाही भरणार. शहराच्या जुन्या जलवाहिन्यांतली गळती आपल्या घरातून थांबत नाही, आणि सगळ्यांत जास्त पाणी शेतीला लागतं, हेही खरं. आणि ज्यांना मुळातच पाणी कमी मिळतं, त्यांना काटकसर शिकवायला कुणी जाऊ नये. शहरासाठी माणशी रोज १३५ लिटर हे आपल्याकडचं नियोजनाचं प्रमाण आहे. आमच्या त्या टाकीतून स्वयंपाकाचं सोडून माणशी बासष्ट लिटर येत होतं. दक्षिण आफ्रिकेतल्या केप टाउन शहरात २०१८ च्या टंचाईत माणशी रोज पन्नास लिटरची मर्यादा घातली गेली होती आणि लोकांनी त्यात दिवस काढले. म्हणजे बासष्ट लिटरमध्ये चौघींचं नीट भागायला हवं होतं. भागत नव्हतं, कारण निम्मं गळत होतं आणि उरलेल्याची वाटणी जो आधी उठेल त्याच्या मर्जीवर होती.

म्हणून मी एवढंच म्हणेन, की धरण नंतर बघू. आधी आपल्या घरात शेवटी कोण अंघोळ करतं ते बघू. रात्रपाळीहून येणारी मुलगी, सगळ्यांचं आवरल्यावर मोरीत जाणारी आई, दुपारी भांडी घासायला येणाऱ्या मावशी, वरच्या मजल्यावरचे आजोबा. पाण्याची उधळपट्टी होते तेव्हा पहिली झळ त्यांना लागते, आणि बहुतेक वेळा ते बोलत नाहीत.

गळती दुरुस्त झाल्यानंतरची एक सकाळ सांगते आणि थांबते. पाण्याचा दुसरा दिवस होता. टाकीत अजून वीतभर पाणी शिल्लक होतं. लातूरच्या मैत्रिणीनं कॅलेंडरवरचा हिशेब पाहिला. तिच्या वाट्याची एक अख्खी बादली उरली होती. तिनं ती काठोकाठ भरली आणि आत गेली. बऱ्याच वेळानं ओले केस पुसत बाहेर आली. त्या उन्हाळ्यात भरल्या बादलीनं अंघोळ करताना मी तिला पहिल्यांदाच पाहिलं होतं. तिच्या प्रश्नाचं उत्तर आम्हाला शब्दांत कधी देता आलं नव्हतं. ते त्या बादलीत होतं.

आज रात्री झोपण्यापूर्वी तुमच्या टाकीवर एक खूण करून ठेवा. सकाळी बघा. आणि मगच घरात कुणाला काय बोलायचं ते ठरवा.